धाकट्या दिरांची ताठ पाठ

रजईला खोळ चढवणं हे एकटीचं काम नाही, हे मला पंचवीस वर्षांपूर्वीच कळलंय. तरी दर वेळी मी ते एकटीच करायला घेते. आतले दोन कोपरे सापडावेत म्हणून मी कमरेपर्यंत खोळीत शिरले होते. एक कोपरा हाती लागला होता, दुसरा चाचपत होते, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"वहिनी, आत तुम्हीच आहात ना? का रजईलाच पाय फुटले?"

आवाज धाकट्या दिरांचा. मंगळवारी सकाळी साडेअकराला ते घरी? शिंप्याच्या दुकानात ते कटर आहेत, आणि दुकान सोडून भरदिवसा घरी आलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी तशीच मागे सरकत बाहेर आले. बघते तर उजवा डोळा डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल, पाण्याची धार लागलेली, आणि खिडकीच्या बाजूनं तळहात आडवा धरलेला.

"आधी पडदा ओढा," ते म्हणाले. "मग काय ओरडायचं ते ओरडा."

"मी कशाला ओरडू? झालं काय?"

"कात्री रेघेच्या बाहेर गेली. कोटाची पाठ अर्धा इंच आत कापली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. खडूची रेघच मला दोन दिसत होती."

कापड वाया गेलं हे ते सांगत होते, पण चेहरा कापडासाठी पडलेला नव्हता. धाकटी जाऊ शाळेच्या ऑफिसात काम करते, ती पाचशिवाय येत नाही. म्हणून ते वरच्या मजल्यावर स्वतःच्या घरी न जाता खाली माझ्याकडे आले होते. मी रजई तशीच टाकली, चपला घातल्या आणि त्यांना घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात निघाले. रोजची वही माझ्या पिशवीत असतेच. रांगेत बसलं की लिहिणं होतं.

आता ह्या माणसाबद्दल थोडं सांगायला हवं.

मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा दीर सोळा वर्षांचे होते. तेव्हापासून आजपर्यंत ह्या घरात देखणा माणूस एकच. आमचे हे सुद्धा ते मान्य करतात, आणि वर म्हणतात, "रूप सगळं धाकट्यानं नेलं, माझ्या वाट्याला घराचे हप्ते आले." उंच, रुंद खांद्यांचे, आणि पाठ अशी सरळ की जणू आतून पट्टी घालून शिवलेली. दुकानाच्या मालकानं हे बरोबर हेरलं. कटरला तो नुसतं आत टेबलाशीच ठेवत नाही. नवीन कोट शिवला की आधी ह्यांच्या अंगावर चढवतो आणि दर्शनी काचेजवळ उभं करतो. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "ह्यांना बसलाय तस्साच शिवा." मालक हो म्हणतो. तसा तो कुणालाच बसत नाही, ती गोष्ट वेगळी.

गल्लीत आणि घरात त्यांचं नाव पडलं 'राजे'. त्यात कौतुक होतं तेवढाच टोमणाही होता. राजे सकाळी लवकर उठत नाहीत. सगळं घर चहा पिऊन मोकळं होतं तेव्हा राजांचा पाय जमिनीला लागतो. राजे पाहुण्यांत बसत नाहीत, दाराच्या चौकटीला टेकून उभे राहतात. खाली काही पडलं तर उचलत नाहीत, पायानं सरकवतात. आणि मला सगळ्यात लागायचं ते हे, की संध्याकाळच्या प्रार्थनेला सगळे माथा टेकतात तेव्हा राजे सरळ उभे असतात, खांबासारखे. मी देवाधर्माची बाई. माणसानं देवापुढे वाकू नये म्हणजे काय? एकदा न राहवून बोलले सुद्धा, "भाऊजी, मान एवढी महाग आहे का?" ते हसले आणि म्हणाले, "वहिनी, माझ्या वाटचं तुम्ही वाका. तुमचं वजन आहे देवाकडे." मला राग आला होता. तो राग मी वहीत उतरवला होता, तारखेसकट.

दवाखान्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई मोजकं बोलणाऱ्या. यंत्राच्या पलीकडून त्यांनी डोळा बराच वेळ पाहिला.

"हे डोळे आल्यासारखं नाही. आतली सूज आहे. पूर्वी झालं होतं का असं?"

"एकदा-दोनदा," दीर म्हणाले.

"चार वेळा," मी म्हणाले.

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी वही काढली. ही चालू वही, म्हणून त्यात दोनच वेळा सापडलं. एकदा डावा, एकदा उजवा, दोन्ही वेळा आठ-दहा दिवस काळा चष्मा. आधीचे दोन मला आठवत होते, कारण पहिल्या खेपेला पुतणीचा दुधाचा दात पडला होता, आणि बाप-लेक दोघं एकाच दिवशी रडत होते.

डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं. "सकाळी उठल्यावर कंबर, पाठ आखडते का?"

"नाही," दीर म्हणाले. फारच पटकन म्हणाले.

आणि मी, मला वाटलं की तक्रार करायला आयतीच जागा मिळाली, मी म्हणाले, "आखडत-बिखडत काही नाही हो, आळस आहे. तास-तासभर अंथरुणातून उठत नाहीत. एकदा उठले की मग दिवसभर उभे. बसायचं नाव नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "बसत नाहीत? की बसलं की दुखतं?"

दीर भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिले. एका डोळ्यानं वाचण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"बसलं की दुखतं," ते शेवटी म्हणाले. "झोपलं की जास्त. पहाटे सगळ्यात जास्त. चालायला लागलं की कमी होतं."

"किती वर्षं?"

"चौदा."

मी त्या खोलीत बसले होते, पण कुणीतरी माझ्या खालची खुर्ची काढून घेतल्यासारखं झालं. चौदा वर्षं आमच्या डोक्यावरच्या खोलीत एक माणूस पहाटे कूस बदलायला दात आवळत होता, आणि मी खालून म्हणत होते, राजे अजून उठले नाहीत.

बाईंनी थेंब लिहून दिले, रक्ताची एक चाचणी लिहिली, कमरेचा एक्स-रे लिहिला, आणि सांध्यांच्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी दिली. डोळा, कंबर आणि सकाळचं आखडणं ही एकाच घरची भावंडं असू शकतात, एवढंच त्या म्हणाल्या.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना दीर थांबले. कठड्याला धरून, सरळ उभे.

"वहिनी, मला काय झालंय ते मला माहीत आहे. बाबांचं झालंय."

मामंजी, म्हणजे माझे सासरे, टपाल वाटायचे. मी आले तेव्हा ते निवृत्त होते आणि त्यांची पाठ इतकी वाकलेली होती की त्यांना माणसांचे फक्त पाय दिसायचे. कोण आलं ते चपलांवरून ओळखायचे. त्यांना माझा चेहरा दिसावा म्हणून जेवण वाढताना मी बुटक्या स्टुलावर बसत असे. खुर्चीत मागे रेलले की डोकं अधांतरी राहायचं, म्हणून डोकं आणि भिंत ह्यांच्यामध्ये उशी ठेवावी लागे. टपालाच्या पिशवीनं वाकवलं, असं सगळे म्हणायचे. आम्हाला ते पटलेलं होतं. तीस वर्षं ओझं वाहिलं तर पाठ वाकणारच. त्यात पुढच्या पिढीनं घाबरण्यासारखं काही नव्हतं, पिशवी तर सरकारजमा झाली होती.

"बाबा मला सांगायचे," दीर म्हणाले, "सकाळी मी लाकूड असतो, दुपारी माणूस होतो. ते गेले तेव्हा मी पंचवीसचा. सत्ताविसाव्या वर्षी एका पहाटे मीही लाकूड झालो. तेव्हाच ओळखलं."

"मग डॉक्टरकडे का नाही गेलात? बायकोला तरी सांगायचं!"

"ती काय करणार? माझ्याबरोबर वाट बघत बसली असती." मग म्हणाले, "मी ठरवलं, वाकायचंच नाही. जो वाकत नाही तो वाकडा कसा होईल? काही उचलायला वाकायचं नाही, बसायचं नाही, प्रार्थनेला सुद्धा नाही. पाठीला सवयच लावायची नाही. गादीखाली फळी घातली. चौदा वर्षं टिकलो. पण आज कात्री सरकली तेव्हा वाटलं, संपलं. डोळ्यांपासून सुरुवात झाली."

जो ताठा म्हणून मी लिहून ठेवला होता, ती भीती होती.

जावेला संध्याकाळी त्यांनी स्वतः सांगितलं. वरून आधी तिचा आवाज आला, "चौदा वर्षं? आणि मी गादी बदलू म्हणाले तेव्हा मला उधळी म्हणालात!" दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाली आली ती डोळे सुजवून. "ताई, मी रोज त्यांच्या अंगावरचं पांघरूण ओढून काढायचे हो," म्हणाली. दोघी एकमेकींचे अपराध मोजत बसलो.

पण तिला खरं पोखरत होतं ते दुसरंच. पुतणी पंधराची. बापासारखी उंच, बापासारखी सरळ चालणारी. "सासऱ्यांकडून ह्यांच्याकडे आलं असेल, तर ह्यांच्याकडून कुठे जाईल?" जाऊ म्हणाली, आणि मी तिला पुढे बोलू दिलं नाही.

रिपोर्ट यायला आठ दिवस होते. मी रोजची प्रार्थना केली, पण मागणं काय मागावं ते ठरेना. आजार नसू दे म्हणावं तर चौदा वर्षांचं दुखणं खोटं पडतं. शेवटी एवढंच म्हटलं, देवा, त्यांना माणसांचे चेहरे दिसत राहू देत.

सांध्यांच्या डॉक्टर म्हणजे पस्तिशीची एक हसतमुख बाई निघाली. दीर, जाऊ आणि वहीसकट मी, असे तिघं आत गेलो. दिरांचा डोळा थेंबांनी निवळला होता, त्याच थेंबांमुळे बाहुली मात्र अजून मोठीच होती, त्यामुळे त्यांना सगळं थोडं धूसर दिसत होतं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला, रिपोर्ट वाचला, आणि काही न सांगता खणातून टेप काढली.

"पाठमोरे उभे राहा. शर्ट वर घ्या." कमरेवर पेनानं एक खूण केली, दहा सेंटिमीटर वर दुसरी. "आता खाली वाका. जमेल तेवढं."

"वाकू?" दिरांनी माझ्याकडे पाहिलं, जणू परवानगी मी देणार होते.

"वाका हो. मोडत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

ते वाकले. चौदा वर्षांनी वाकणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. हात गुडघ्यांच्या जरा खाली जाऊन थांबले. डॉक्टरांनी दोन खुणांमधलं अंतर मोजलं.

"टेप ढिली धरलीय तुम्ही," दीर वाकलेल्या अवस्थेतच म्हणाले. "शून्याच्या टोकाला बोट दाबा, नाहीतर पाव इंच मार खाल."

डॉक्टर हसल्या. "कोण तुम्ही, शिंपी?"

"कटर."

"बरं, कटरसाहेब, बोट दाबलं. दहाचे चौदा सेंटिमीटर झाले. पंधरा असतं तर उत्तम म्हटलं असतं. चौदा म्हणजे कणा थोडा आखडलाय, पण चालतो आहे." मग त्या उठल्या. "आता भिंतीशी उभे राहा. टाचा भिंतीला, पाठ भिंतीला. हनुवटी वर न करता डोकं मागे टेकवा."

दीर भिंतीशी गेले. टाचा लावल्या. पाठ लावली. आणि थांबले. मी त्यांचा चेहरा पाहत होते. त्या भिंतीशी त्यांना काय आठवत होतं ते मला कळत होतं, कारण मामंजींच्या डोक्यामागची ती उशी रोज मीच ठेवत असे.

"टेकवा ना," डॉक्टर म्हणाल्या.

डोकं मागे गेलं. टक् असा बारीकसा आवाज झाला.

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं. "शून्य."

"शून्य म्हणजे?" दिरांनी विचारलं.

"भिंत आणि डोकं ह्यांच्यामधलं अंतर शून्य. ह्या परीक्षेत शून्याला पहिला नंबर असतो. या, बसा."

"थोडा वेळ उभा राहतो," दीर म्हणाले. डोकं भिंतीला तसंच टेकवून ते उभे राहिले, आणि मोठ्या बाहुलीच्या डोळ्यातून पाणी येत होतं ते थेंबांचं नव्हतं. जाऊ पदरात तोंड घालून रडत होती. डॉक्टरांनी घाई केली नाही.

मग त्यांनी समजावून सांगितलं. मला कळलं तसं लिहिते. आपल्या शरीरातल्या पेशींच्या दारावर ओळखीची पाटी असते म्हणे. शरीराचे पहारेकरी पाटी वाचून ठरवतात, हा घरचा की बाहेरचा. ती पाटी कशी असावी हे आई-वडिलांकडून आलेली जनुकं ठरवतात, आणि माणसामाणसांत ती फार वेगवेगळी असतात. दिरांच्या रिपोर्टवर त्या पाटीच्या एका प्रकाराचं नाव लिहिलं होतं, एचएलए-बी २७. "ह्या प्रकाराच्या लोकांचे पहारेकरी काही जंतूंना इतरांपेक्षा चांगले आवरतात," डॉक्टर म्हणाल्या. "पण काहींच्या बाबतीत ते घरच्यालाच चोर समजून झोडपतात. तुमच्या कण्याला आणि डोळ्याला तो मार बसतोय. नेमकं का, हे अजून पुरतं कळलेलं नाही."

"आमच्या इमारतीच्या रखवालदारासारखं," दीर आता खुर्चीत बसले होते आणि पुन्हा दीर झाले होते. "मला रोज अडवतो, चोराला सलाम ठोकतो."

"तुमच्या शरीरातला निदान चोरालाही पकडतो," डॉक्टर म्हणाल्या.

"आणि सासऱ्यांची पिशवी?" मी विचारलं.

"पिशवीचा काही दोष नाही. त्यांना हाच आजार असावा. तेव्हा ओळखला गेला नाही, औषधं नव्हती, आणि बहुतेक त्यांना विश्रांती घ्यायला सांगितलं असेल."

सांगितलं होतं. मीच सांगत असे. पडून राहा, हलू नका.

"ह्यात पडून राहणं वाईट," डॉक्टर म्हणाल्या. "आणि न वाकता राहणंही वाईट. तुम्ही दुकानात दिवसभर उभे राहिलात, चाललात, त्यानं थोडं तारलं. पण पाठीला वाकवायचं, वळवायचं, ताणायचं. रोज. गोळ्या देते, नाही भागलं तर इंजेक्शनं आहेत. डोळा लाल झाला की त्याच दिवशी दवाखाना. मग वडिलांसारखं होण्याची भीती फार कमी."

"पण ह्यांच्याकडे बघून कुणी आजारी म्हणेल का?" मी म्हणाले. "चेहऱ्यावर तेज आहे, पाठ बघा कशी. मला वाटायचं, दिसायला चांगला म्हणजे आतून निरोगी."

"सगळ्यांनाच वाटतं. म्हणून तर चौदा वर्षं गेली. देखणा माणूस दुखतंय म्हणाला तर लोक हसतात."

"मी कुणाला म्हणालोच नाही," दीर म्हणाले. खरं होतं. पण म्हणाले असते तर मी हसले असते, हेही खरं होतं.

मग जावेनं मुलीचं विचारलं. विचारताना तिनं माझा हात धरला होता. डॉक्टर म्हणाल्या, ते जनुक मुलीकडे आलं असेल किंवा नसेल, नाणेफेक आहे. आलं असलं तरी, वडिलांना आजार आहे म्हणून शक्यता थोडी जास्त धरली तरी, बहुतेकांना जन्मात काही होत नाही. आत्ता तिला काही त्रास नाही तर चाचणीची गरज नाही. कधी महिनोन् महिने सकाळी पाठ आखडली, डोळा लाल झाला, तर लगेच आणायचं. "चौदा वर्षांनी नाही," त्या म्हणाल्या, "चौदा दिवसांनी. इतकंच."

जावेनं माझा हात सोडला. बोटं पांढरी पडली होती, माझी.

वातावरण हलकं झालं तशा डॉक्टर गमतीनं म्हणाल्या, ह्याच पाटीच्या जनुकांबद्दल असंही तपासून पाहिलंय, की आपल्यापेक्षा वेगळी पाटी असलेल्या माणसाच्या अंगाचा वास आपल्याला जास्त आवडतो का. लोकांना दुसऱ्यांनी घातलेले शर्ट हुंगायला दिले होते म्हणे. काही ठिकाणी हो आलं, काही ठिकाणी नाही, अजून वाद चालू आहे.

"ह्यांच्या शर्टाला मशीनच्या तेलाचा वास येतो," जाऊ म्हणाली. "त्यात जनुकं असली तर मला नाही माहीत. मी तर पाठमोरे बघून हो म्हटलं होतं. तोंड नंतर पाहिलं."

"तोंड बघून पस्तावलात?" डॉक्टरांनी विचारलं.

"तोंड बरं आहे. चालतं फार."

परतताना मी दिरांना म्हणाले, "भाऊजी, मी तुम्हाला गर्विष्ठ म्हणायची. वहीत लिहिलंय सुद्धा."

"मग खोडा."

"वहीत मी खोडाखोड करत नाही. खाली लिहीन."

"काय लिहाल?"

"माझं चुकलं, असं."

चार पावलं गेल्यावर म्हणाले, "शाईनं लिहा. पेन्सिल नको." घरी येऊन मी तसंच लिहिलं, त्या जुन्या पानावर, तारखेसकट.

ह्याला आता तीन आठवडे झाले. डोळा स्वच्छ आहे. पहाटे साडेपाचला आमच्या डोक्यावर धप्प, धप्प असे आवाज येतात, राजे जमिनीवर व्यायाम करतात. आमचे हे उशीत तोंड खुपसून म्हणतात, "झोपत होता तेव्हाच बरं होतं." पण काल मी पाहिलं, हेच जिन्यात उभे राहून भावाला विचारत होते, "आज किती खाली गेलास?" आणि भाऊ सांगत होता, "नडगीच्या मध्यापर्यंत." दुकानात मालकाला कळल्यावर त्यानं आधी तोंड वाकडं केलं, मग टेबलाजवळ एक उंच स्टूल आणून ठेवलं. स्टुलावर बसलेल्या माणसाच्या अंगावर कोट कसा दिसतो हेही गिऱ्हाइकांनी बघायला हवं, असं त्याचं म्हणणं. कोट मात्र अजून कुणालाच तसा बसत नाही.

डॉक्टरांनी पोहायला सांगितलंय. तलाव पुलाच्या पलीकडे आहे, सकाळची वेळ मिळाली आहे, आणि कार्ड काढायला दोन फोटो लागतात. जाऊ म्हणाली, कोट घालून काढा. ते म्हणाले, पाण्यात जाणाऱ्या माणसाचा कोटातला फोटो बघून तिथला कारकून काय म्हणेल? आत्ता ते नुसत्या शर्टावर फोटो काढायला गेले आहेत.